वजनकाटा आणि तीन जज: व्यावसायिक लढतीच्या दोन दिवसांत नेमकं काय घडतं

लढतीचा करार हातात आला की आधी वजनाचं कलम वाचायचं, पर्सचा, म्हणजे मानधनाचा, आकडा नंतर. पुण्यातली बहुतेक मुलं हौशी बॉक्सिंगमधून येतात. बालेवाडीत स्पर्धा खेळलेली, किलोत विचार करणारी. व्यावसायिक करारात मात्र वजन पाउंडात असतं आणि पहिली अडचण तिथेच उभी राहते. वेल्टरवेट गटाची मर्यादा १४७ पाउंड, म्हणजे ६६.६७८ किलो. काटा जर शंभर-शंभर ग्रॅमनेच पुढे सरकणारा असेल तर ६६.७ दिसलं की गडी मर्यादेबाहेर, कारण ६६.७ किलो म्हणजे १४७.०५ पाउंड. त्यामुळे आमच्यासाठी मर्यादा ६६.६ असते. वरचे ७८ ग्रॅम करारात असतात, काट्यावर मिळत नाहीत. म्हणून सही करण्याआधी विचारून घ्यायचं: काटा पाउंडाचा की किलोचा, किती ग्रॅमपर्यंत दाखवणारा, वजन किती वाजता, जास्त भरलं तर कमी करायला वेळ किती, आणि तरीही जास्त राहिलं तर कापलेले पैसे कोणाच्या खिशात जाणार. शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा आयोजक जरा चमकतो. त्याचं उत्तर करारात लेखी असावं.

व्यावसायिक बॉक्सिंगचे पारंपरिक वजनी गट १७. सगळ्यात खालचा १०५ पाउंडांचा, मग १०८, ११२, ११५, ११८ असे तीन-चार पाउंडांच्या अंतराने वर जाणारे. क्रूझरवेट २०० पाउंडांपर्यंत आणि त्यावर हेवीवेट. खालच्या गटांत दीड किलोच्या फरकासाठी वेगळा पट्टा. इतकं बारीक मोजायचं, आणि मोजायचं कधी, तर लढतीच्या आदल्या दिवशी! चोवीस ते तीस तास आधी वजन देऊन मुलगा रिंगमध्ये उतरतो तेव्हा चार-पाच किलो भरून आलेला असतो. १४७ला वजन दिलेला १६० पाउंडांनी उतरला, तर मधला १५४ पाउंडांचा सुपर वेल्टर गट ओलांडून तो थेट मिडलवेटला पोहोचलेला असतो, आणि हे पूर्णपणे नियमात बसतं. पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. ऐंशीच्या दशकात ते आदल्या दिवशी नेलं गेलं, सुकलेल्या शरीराने कोणी रिंगमध्ये उतरू नये म्हणून. हेतू चांगला होता, पण दिवस वाढवून मिळाल्यावर लोक जास्तच सुकायला लागले. हौशी स्पर्धांत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं. त्यामुळे तिथल्या मुलाला एवढं तोडायची सवय नसते, आणि पहिल्याच व्यावसायिक लढतीत कोणीतरी त्याला सांगतं, ‘अरे, तू तर दोन गट खाली लढू शकतोस.’ असं सांगणाऱ्याला दूर ठेवणं हे प्रशिक्षकाचं पहिलं काम.

वजन तोडायचा हिशेब आम्ही उलटा मांडतो. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलच्या किताबी लढतींत तीस दिवस आधी मर्यादेपेक्षा दहा टक्के आणि सात दिवस आधी पाच टक्के, यापेक्षा जास्त वजन चालत नाही. नियम मोठ्या लढतींचा असला तरी चार राउंडच्या साध्या लढतीलाही तोच धरतो. १४७च्या गड्यासाठी तीस दिवस आधी ७३.३ किलो आणि सात दिवस आधी ७० किलो. तीस दिवस आधी तो ७६ भरला तर तो गट त्याचा नाही. तेव्हाच फोन करून १५४ला लढत मिळते का ते विचारायचं. ७३ ते ७० हे खरं वजन, म्हणजे चरबी आणि जेवणावरचा ताबा. ७० ते ६६.६ हे मात्र बहुतांश पाणी, आणि ते तीन ठिकाणांहून येतं.

पहिलं ठिकाण आतडं. शेवटचे दोन-तीन दिवस भाकरी, उसळी, पालेभाज्या, काकडी बंद. चोथा कमी झाला की पोटातला ऐवजच पाऊण-एक किलोने हलका होतो, आणि यात ताकद जात नाही. इथे घरच्यांशी वाद ठरलेला. मोड आलेली मटकी आरोग्याला चांगली, हे मान्यच आहे, पण या तीन दिवसांत नाही. पांढरा भात थोडासा, अंडी, चिकन, थोडं दही. पापड-लोणचं आधीच्या आठवड्यातच ताटातून गेलेलं असतं, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. दुसरं ठिकाण स्नायूंतला साखरेचा साठा. त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. म्हणून भात-पोळी कमी केल्यावर किलोभर उतरतं. तिसरं घाम, आणि सगळा धोका याच्यात. शेवटच्या संध्याकाळी एक-दीड किलोपेक्षा जास्त घामावर ठेवायचं नाही, हा आमचा नियम. रात्री झोपेत श्वास, घाम आणि लघवीतून आणखी अर्धा किलो किंवा थोडं जास्त जातं. प्रत्येक मुलाचा हा रात्रीचा आकडा वेगळा असतो. तो सरावाच्या काळात रोज झोपताना आणि उठल्यावर वजन करून आधीच काढून ठेवलेला हवा.

पुण्याच्या हवेचा इथे मोठा हात असतो. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी. घाम लगेच उडतो, अंगावर दिसत नाही आणि मुलाला वाटतं घाम येतच नाही. मग तो आणखी अर्धा तास धावतो. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं: घाम नुसता गळतो, उडत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि आतलं तापमान भराभर चढतं. पावसाळ्यात प्लास्टिकचा सूट घालून तळजाई टेकडीवर धावायला पाठवणं हा शुद्ध अविचार आहे. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान काही आठवड्यांच्या अंतराने अशाच वजन तोडण्यात गेले. त्यानंतर तिथल्या कुस्तीचे नियमच बदलले. घाम येणं थांबलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, पाच मिनिटं बसूनही नाडी खाली आली नाही, साध्या प्रश्नाचं उत्तर गोंधळून दिलं, यातलं एक जरी दिसलं तरी वजन तोडणं तिथेच थांबवायचं आणि आयोजकाला कळवायचं. दंड भरता येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उत्तेजकांच्या यादीत बंदी घातलेल्या आहेत आणि त्या पोटॅशियमची वाट लावतात, ते वेगळंच.

मुंबईत वजन असेल तर पुण्याहून सकाळी शिवनेरीने निघायचं की आदल्या दिवशी जाऊन राहायचं, हा प्रश्न बारीक वाटतो, पण नाही. सुकलेल्या अंगाने एसीत तीन-चार तास बसलं की पोटऱ्यांत गोळे येतात, आणि द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये सगळी बस वडापाव खात असताना मुलाने ओठ ओले करून बसायचं! परवडत असेल तर आदल्या दिवशी पोचावं.

वजनाच्या ठिकाणी पोचल्यावर आधी काटा बघायचा. तो कडक फरशीवर हवा. हॉटेलच्या गालिच्यावर ठेवलेला काटा चुकीचं दाखवतो. आयोजकाने तपासणीसाठी काटा आधी खुला ठेवलेला असतो, त्यावर दोनदा उभं राहून आकडा तोच येतो का पाहायचं. आपला काटा सोबत न्यायचा आणि दोन्हींतला फरक लिहून ठेवायचा. आपला काटा कशावर तपासायचा? जिममधल्या प्लेटांवर तर अजिबात नाही, वीस किलोची म्हणवणारी प्लेट कितीतरी ग्रॅमने इकडेतिकडे असते. वैधमापन खात्याचा शिक्का असलेली लोखंडी वजनं मार्केट यार्डात कोणाही धान्य व्यापाऱ्याकडे असतात. वीस-वीसची तीन ठेवली की साठ दाखवायला हवेत. मुलगा पन्नास-शंभर ग्रॅमने अडकला तर टॉवेलचा पडदा धरून चड्डीही काढता येते. त्यासाठी दोन टॉवेल आणि दोन माणसं लागतात. टॉवेलचं टोक काट्याला किंवा मुलाच्या हाताला टेकलं तर समोरची टीम हरकत घेते, आणि ती बरोबर असते.

जास्त भरलं तर सहसा दोन तास मिळतात. दोन तासांत निरोगी माणसाला पाऊण किलो काढता येतं. आधीच सुकलेल्याला पाव किलो काढतानाही नाकी नऊ येतात, कारण घाम यायला आत पाणीच नसतं. दीड किलो जास्त भरलेला आणि तरीही शांतपणे खुर्चीत बसलेला दिसला, तर समजायचं की त्याने प्रयत्न सोडलाय आणि तो मनातल्या मनात दंड भरून मोकळा झालाय.

माझ्या मते वजनाच्या नियमातला खरा अन्याय इथे सुरू होतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटात १०० ग्रॅमने जास्त भरली आणि सरळ बाद झाली. निकाल कठोर असेल, पण तिथे सौदा नव्हता. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सौदा असतो. जास्त भरलेल्याच्या पर्समधून काही टक्के कापतात, त्यातला वाटा वजनात असलेल्याला देऊ करतात आणि त्याला विचारतात, ‘लढतोस का?’ त्याने नाही म्हणावं कसं? आठ आठवडे कामावर खाडे झालेले, सरावाचा खर्च झालेला, तिकिटं घरच्यांना नि मित्रांना विकलेली. लढला नाही तर पर्स बुडणार किंवा तुटपुंजी भरपाई मिळणार. नियम पाळणाऱ्यानेच जड माणसाशी लढायचा ‘निर्णय’ घ्यायचा, तोही तासाभरात, आयोजकाच्या खोलीत. २००५च्या ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासला डिएगो कोरालेससमोर होसे लुइस कास्तियो १३५च्या मर्यादेला साडेतीन पाउंड जास्त भरला. कोरालेसने लढत स्वीकारली आणि चौथ्या राउंडमध्ये तो नॉकआउट झाला. पुढच्या वर्षी तिसऱ्या लढतीलाही कास्तियो वजनात आला नाही, तेव्हा ती लढत रद्द झाली. एवढ्या मोठ्या नावांना हे चुकत नाही, तर चार राउंडवाल्याचं काय.

म्हणून करारात दोन कलमं मागायची. जास्त भरल्यास कापलेली रक्कम पूर्ण प्रतिस्पर्ध्याला, आणि प्रतिस्पर्ध्याने लढायला नकार दिला तरी त्याच्या पर्सचा ठरलेला हिस्सा त्याला. दुसरं, जो जास्त भरला त्याचं लढतीच्या सकाळी पुन्हा वजन, ठरलेल्या आकड्याच्या आत. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनने किताबी लढतींसाठी सकाळचं दुसरं वजन आणि मर्यादेवर दहा पाउंडांची कमाल असा नियम राबवला. तो सगळीकडे असावा. २६ फेब्रुवारी २००० रोजी न्यूयॉर्कमध्ये आर्तुरो गाटी आणि जोई गमाश यांच्यात १४१ पाउंडांचा करार होता. लढतीच्या रात्री दूरचित्रवाणीच्या अनधिकृत काट्यावर गाटी १६० आणि गमाश १४५ भरला. गमाश दुसऱ्या राउंडमध्ये पडला, त्याच्या मेंदूला इजा झाली, तो पुन्हा लढला नाही. पुढे न्यायालयाने वजन नीट न घेण्यात लढतींवर देखरेख करणाऱ्या राज्य आयोगाचा निष्काळजीपणा मान्य केला, पण इजा वजनाच्या फरकामुळेच झाली हे सिद्ध होत नाही म्हणून भरपाई नाकारली. दुसऱ्या वजनाचा मुद्दा कोणी ‘उगाच कटकट’ म्हणून झटकला की ही लढत सांगावी.

काट्यावरून उतरल्यावर काय प्यायचं हेही आधी ठरलेलं असतं. तीन किलो पाणी गेलं असेल तर पावणेचार ते साडेचार लिटर परत जायला हवं, कारण प्यायलेल्यातलं बरंच लघवीत जातं. एका दमात नाही. तासाला लिटरभरापेक्षा जास्त पोट पुढे ढकलत नाही. मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट नेमक्या एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट कालवलं तर जुलाब लागतात, दोन लिटरमध्ये पातळ केलं तर मीठ पुरत नाही. नुसतं साधं पाणी ढोसल्यावर लघवी पांढरी स्वच्छ येते आणि वजन मात्र वर येत नाही. मग मऊ वरण-भात, बटाटा, केळी. बिर्याणी आणि मिसळ लढतीनंतर, कारण तेल-तूप पोटात रेंगाळतं आणि मागून येणारं सगळं अडवतं. कोणीतरी ओळखीचा ‘एक सलाईन लावून घ्या, अर्ध्या तासात ताजातवाना’ असा सल्ला देतोच. उपचाराच्या गरजेशिवाय बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं उत्तेजकविरोधी नियमांत बसत नाही. बाटली असते पाचशेची.

आता जज. रिंगच्या चार बाजूंपैकी तीन बाजूंना एकेक जज बसतो. प्रत्येक राउंड वेगळा. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा पडला असेल तर सहसा ८. काय बघायचं तेही ठरलेलं: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यात पहिलं सगळ्यात वजनदार. नुसतं पुढे चालत जाणं म्हणजे आक्रमण नव्हे, पण प्रेक्षकांना ते तसं दिसतं आणि कधी कधी जजलाही.

तिघांचे आकडे वेगळे येतात, त्यात प्रत्येक वेळी लबाडी नसते. जजच्या विरुद्ध बाजूला दोघं चिकटून लढत असतील तर बरगडीखालचा ठोसा त्याला दिसतच नाही, दिसतं फक्त कोपर हलताना. रेफ्रीची पाठ मध्ये येते, कोपऱ्याचा खांब येतो, खाली फोटोवाले उभे राहतात. म्हणून लढतीआधी आम्ही तिन्ही खुर्च्या कुठे आहेत ते बघून ठेवतो आणि मुलाला सांगतो: ज्या बाजूला जज नाही तिथल्या दोरांवर अंगावरचे ठोसे मारण्यात शक्ती घालवू नकोस, त्याला फिरव. राउंडचे शेवटचे तीस सेकंद मोकळ्या जागेत लांबून दिसतील असे जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) आणि सरळ उजवे टाक. हे काहींना नाटकी वाटतं, पण मोजणाऱ्याला जे दिसतं तेच मोजलं जातं.

चार राउंडच्या लढतीत गणित फार क्रूर असतं. तीन राउंड जिंकून एकात एकदा पडलात तर ३८-३७ने निसटता विजय. दोन-दोन राउंड वाटले आणि हरलेल्या एकात पडलात तर ३७-३८ने हार. बारा राउंडमध्ये एक वाईट क्षण भरून काढायला वेळ असतो, इथे नाही. तरी आपल्याकडच्या बहुतेक लढती चार-सहा राउंडच्याच. रेफ्रीने गुण कापला तर तो राउंडचा निकाल लिहून झाल्यावर वजा होतो: १०-९ जिंकणाऱ्याचा एक कापला की ९-९, हरणाऱ्याचा कापला की १०-८. नवखा जज कधी कधी कापलेला गुण आधीच मनात धरून राउंड दुसऱ्याला देऊन टाकतो आणि मग वर पुन्हा एक वजा करतो. गुण कापलेला राउंड म्हणूनच आमच्या वहीत गोल करून ठेवलेला असतो.

मोठ्या लढतींच्या गुणपत्रिकांवरून, म्हणजे जजच्या कार्डांवरून, ठरावीक रडगाणं ऐकू येतं. २०१२मध्ये पॅकियाओ-ब्रॅडली लढतीत दोघांनी ११५-११३ ब्रॅडलीला दिले, एकाने तेच पॅकियाओला. ११५-११३ म्हणजे सात-पाच. एका चुरशीच्या राउंडचा फरक. ज्यांनी घरी बसून दहा राउंड पॅकियाओला दिले त्यांचा राग समजतो, पण जास्त खटकणारं कार्ड २०१७च्या गोलोव्हकिन-अल्वारेझ लढतीतलं आहे. एका जजने ११५-११३ गोलोव्हकिनला, दुसऱ्याने ११४-११४ आणि तिसरीने ११८-११० अल्वारेझला. म्हणजे बारापैकी दहा राउंड. कोनाचा फरक एवढा मोठा नसतो. हौशी बॉक्सिंगने १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सला ३-२ने हरवल्याच्या बदनामीनंतर बटणांची संगणकी पद्धत आणली. तीत पाचपैकी किमान तिघा जजांची बटणं एका सेकंदात दाबली गेली तरच गुण. त्यातून अंगावरचे ठोसे जवळजवळ बाद झाले, मुलं लांबून टिचक्या मारायला लागली, आणि २०१३पासून तिथेही दहा गुणांची पद्धत आली. यंत्र आणलं की माणसाची गडबड जाते, हा समज त्या वीस वर्षांनी खोटा पाडलाय.

चौथ्या आणि आठव्या राउंडनंतर गुण जाहीर करण्याची पद्धत वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल वापरते. कॉर्नरला, म्हणजे गड्याच्या प्रशिक्षक-मदतनिसांना, ती सोयीची आहे, पण पुढे असलेला गडी उरलेले राउंड पळत काढतो, हा तिचा तोटा खरा आहे. मला जास्त उपयोगी वाटते ती साधी गोष्ट: प्रत्येक राउंडनंतर जजने चिठ्ठी लिहून, सही करून लगेच द्यायची. शेवटी एकदम भरलेल्या कार्डावर आधीचे राउंड आठवणीतून आणि शेवटच्या राउंडच्या रंगात लिहिले जातात. चिठ्ठ्या गोळा होतात की नाही, हे नियमांच्या बैठकीत विचारायचं. डोक्याची धडक चुकून लागून जखम झाली तर चार राउंड पूर्ण असल्यास गुणांवर निकाल आणि नसल्यास लढत अनिर्णित किंवा रद्द, हेही तिथेच स्पष्ट करून घ्यायचं. चारच राउंडच्या लढतीला हा नियम कसा लावणार, हे तर आवर्जून.

निकालानंतर कॉर्नरमधून आरडाओरडा करून काहीही मिळत नाही. जजचं मत चुकलं, या कारणावरून निकाल फिरत नाही. बहुतेक आयोगांच्या नियमांत तीनच दारं उघडी असतात: बेरजेची चूक, नियमाचा उघड भंग, किंवा संगनमत. संगनमत सिद्ध करणं आपल्या हातात नसतं. बेरीज मात्र असते. म्हणून तिथल्या तिथे मुख्य गुणपत्रिका मागायची, प्रत्येक राउंड आडवा-उभा जोडायचा, लाल आणि निळा कोपरा उलटे लिहिले गेले नाहीत ना ते बघायचं, आणि तक्रार लेखी, आयोगाने दिलेल्या मुदतीत. फोटो काढताना प्रत्येक राउंडचा रकाना आणि तिन्ही सह्या येतील असा काढावा. नुसत्या बेरजेच्या ओळीचा फोटो नंतर कशालाच उपयोगी पडत नाही.